एचआयव्ही आणि मेंदूचा एमआरआय : पैसे कुठे मोजायचे, कुठे नाही

एचआयव्हीवर उपचार देणाऱ्या एआरटी सेंटरमध्ये गोळ्या फुकट, सीडी-४ फुकट, व्हायरल लोड फुकट. वर्षानुवर्षं असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक दिवस न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी हातात पडते : ‘एमआरआय ब्रेन, प्लेन अँड कॉन्ट्रास्ट’. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘आरव्हीडी’ लिहिलेलं असतं. एचआयव्ही हा शब्द टाळण्यासाठी डॉक्टर मंडळींनी काढलेली ही खूण. घरात पहिला प्रश्न निघतो तो पैशांचा, दुसरा लोकांना कळेल का याचा. तपासणी नेमकी कशासाठी सांगितली आहे, हे विचारायचं बहुधा राहूनच जातं. खरं तर सुरुवात तिथून करायला हवी, कारण खर्च वाढतो तो ते न विचारल्यामुळे.

‘एचआयव्हीने माझ्या मेंदूवर परिणाम केलाय का?’ या प्रश्नाला एमआरआय सरळ उत्तर देत नाही. ‘मेंदूत असं काही झालंय का, ज्यावर औषध आहे?’ याचं उत्तर तो चोख देतो. पहिल्या प्रश्नासाठी एमआरआय काढणारे पुष्कळदा ‘नॉर्मल स्टडी’ असा कागद घेऊन गोंधळून परततात. दुसऱ्या प्रश्नासाठी काढलेला एमआरआय जीव वाचवतो. पैसे मोजायचे ते या दुसऱ्या प्रश्नासाठी.

ज्या वेळी दर विचारत बसायचं नाही

पहिल्यांदाच फिट आली, एका बाजूचा हात-पाय उचलेना, तोंड वाकडं झालं, बोलताना शब्द सापडेनात, एकाचे दोन दिसायला लागले, डोकेदुखी दिवसेंदिवस वाढतेय आणि सोबत ताप-उलट्या आहेत, माणूस गुंगीत जातोय किंवा चार दिवसांत त्याचं वागणंच पालटलंय, अशा वेळी मोठ्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीचा अंदाज देणारा आकडा, दोनशेच्या खाली असेल तर धोका वाढतो, शंभरच्या खाली फारच. औषधं मध्येच सोडलेल्या माणसाला शेवटचा आकडा चांगला होता म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

अशा रुग्णाचा अनेकदा आधी सीटी स्कॅन होतो. तो पाच-दहा मिनिटांत उरकतो आणि खासगीत साधारण दीड ते साडेतीन हजारांत होतो. रक्तस्राव, सूज, मेंदूत साठलेलं पाणी, मोठी गाठ एवढं त्यात दिसतं. बारीक गाठी, मेंदूच्या देठातला बिघाड, पांढऱ्या भागातले बदल यांत तो कमी पडतो. रुग्ण स्थिर असेल आणि एमआरआय त्याच दिवशी मिळत असेल, तर ‘सीटी वगळून थेट एमआरआय चालेल का?’ असं जरूर विचारावं. एवढ्या एका प्रश्नाने दोन-तीन हजार वाचू शकतात. डॉक्टर नाही म्हणाले तर मात्र हुज्जत घालू नये. पाठीतून पाणी काढण्याआधी मेंदूत दाब वाढलेला नाही ना, हे तातडीने बघण्यासाठी सीटी लागतो.

या चित्रांत शोधतात काय? एचआयव्हीचा विषाणू लागण झाल्यावर काही दिवसांतच मेंदूत शिरतो. पांढऱ्या पेशींत लपून तो रक्त आणि मेंदूमधला अडसर पार करतो. नुसत्या विषाणूने झालेली हानी असेल तर मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग दोन्ही बाजूंना सारखाच धूसर दिसतो आणि मेंदू थोडा आकसलेला असतो. भारतातला विषाणू बहुतांशी ‘सी’ उपप्रकाराचा. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या उदय रंगा यांच्या गटाने २००४ साली दाखवलं की, या उपप्रकाराच्या टॅट नावाच्या प्रथिनात एका मोक्याच्या जागी बदल झालेला आहे आणि त्यामुळे दाह करणाऱ्या पेशींना ओढून आणायची त्याची ताकद कमी पडते. आपल्याकडे एचआयव्हीमुळे होणारा पुरता स्मृतिभ्रंश कमी दिसतो, त्याचं एक कारण हे मानतात. म्हणजे आपल्या एमआरआयमध्ये खरा शोध असतो तो विषाणूच्या आडून आलेल्या पाहुण्यांचा.

त्यांत पहिला नंबर क्षयाचा. मेंदूच्या तळाशी आवरणं चमकतात, पाणी साठतं, गाठी दिसतात. टॉक्सोप्लाझ्मा असेल तर मेंदूच्या आतल्या भागात कडं असलेल्या गाठी आणि भोवती सूज. क्रिप्टोकॉकस ही बुरशी फसवी आहे : रुग्ण डोकेदुखीने तळमळत असतो आणि एमआरआय जवळजवळ स्वच्छ येतो. म्हणून सीडी-४ शंभरच्या खाली असेल, तर महागड्या चित्राइतकीच, किंबहुना त्याआधी, रक्ताची क्रिप्टोकॉकल अँटिजेनची पट्टी मागावी. ती एआरटी सेंटरलाच विचारावी. जेसी विषाणूमुळे होणारा पीएमएल हा आजार पांढऱ्या भागात वेडेवाकडे, एका बाजूला जास्त असे डाग पाडतो, पण सूज जवळपास नसते. आणि शेवटी लिम्फोमा, म्हणजे मेंदूतला कर्करोग, जो टॉक्सोप्लाझ्मासारखा दिसून डॉक्टरांनाही चकवतो.

विसरभोळेपणा ही वेगळी गोष्ट

‘हल्ली लक्षात राहत नाही, काम हळू होतं, हिशेब चुकतो.’ एचआयव्हीसह जगणाऱ्या पन्नाशीतल्या माणसांकडून हे फार ऐकू येतं, आणि फालतू एमआरआय सगळ्यात जास्त काढले जातात तेही इथेच. अशा तक्रारीसाठी पहिली तपासणी फुकट आहे आणि टेबलावर बसून पाच मिनिटांत होते.

इंटरनॅशनल एचआयव्ही डिमेन्शिया स्केल तिचं नाव. तपासणारा चार शब्द सांगतो, म्हणजे कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. ते लक्षात ठेवायचे. मग अंगठा आणि तर्जनी शक्य तितक्या वेगाने एकमेकांना टेकवायची. पाच सेकंदांत पंधरा वेळा जमलं तर पूर्ण चार गुण. त्यानंतर हाताच्या तीन मुद्रा क्रमाने करायच्या : टेबलावर मूठ, पालथा तळवा, मग हाताची कड. दहा सेकंदांत असे चार फेरे चुकल्याशिवाय झाले की आणखी चार. शेवटी ते चार शब्द परत विचारतात. एकूण गुण बारा; दहा किंवा कमी आले तर पुढे सविस्तर तपासायचं. मुद्रांचा क्रम चुकतो तिथे रुग्णाच्या चेहऱ्यावर हसू येतं आणि तपासणाऱ्याच्या कपाळावर आठी. ही चाचणी घ्यायला मशीन लागत नाही, आणि एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना ‘ही घ्याल का?’ असं विचारायला संकोच नको.

त्यासोबत रक्ताच्या काही तपासण्या : बी-१२, थायरॉइड, साखर, सिफिलिससाठी व्हीडीआरएल. आणि ताजा व्हायरल लोड, जो तुमच्या केंद्रात मोफत आहे. शाकाहारी घरात बी-१२ कमी निघण्याचं प्रमाण पाहता मी तरी हजारभर रुपये आधी तिथे घालवीन. झोप, दारू आणि नैराश्य यांची चौकशी कुठल्याच बिलात दिसत नाही, पण विसरभोळेपणाची कारणं पुष्कळदा तिथेच सापडतात. औषधांचंही तेच. जुन्या एफाविरेन्झने चक्कर, चित्रविचित्र स्वप्नं यायची. आताच्या डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते. हे कुठल्याही चित्रात दिसत नाही, गोळीची वेळ बदलून मात्र कधी कधी सुटतं.

एवढं करून गुण कमीच राहिले किंवा महिन्यागणिक घसरत गेले, तर एमआरआय योग्य. विशेषतः रक्तातला व्हायरल लोड दबलेला असूनही तब्येत खालावत असेल तर. क्वचित विषाणू रक्तात सापडत नाही आणि पाठीच्या पाण्यात सापडतो. त्या वेळी एमआरआयसोबत पाठीतलं पाणीही तपासावं लागतं.

चिठ्ठी नीट वाचा

प्लेन आणि कॉन्ट्रास्ट यांत फरक सुईचा आणि पैशांचा. कॉन्ट्रास्टमध्ये गॅडोलिनियमचं औषध शिरेतून देतात, त्यामुळे जंतुसंसर्गाच्या गाठी आणि आवरणांची सूज उठून दिसते. क्षय, टॉक्सोप्लाझ्मा, लिम्फोमा यांचा संशय असेल तर कॉन्ट्रास्ट टाळून बचत करू नये. अर्धवट चित्र घेऊन पुन्हा पूर्ण पैसे भरायची पाळी येते. नुसत्या विसरभोळेपणासाठी अनेकदा प्लेन पुरतो.

कॉन्ट्रास्टआधी सेंटर क्रिएटिनिन मागतं. टेनोफोविर घेणाऱ्यांचं क्रिएटिनिन एआरटी सेंटरमध्ये अधूनमधून होतच असतं. तो ताजा रिपोर्ट मागून घ्या, दोनशे-तीनशे रुपये वाचतील. आकडा किंचित वर असेल तर घाबरून तपासणी रद्द करू नका. डोल्युटेग्राविरमुळे क्रिएटिनिन थोडं वर दिसतं, मूत्रपिंड मात्र ठीक असतं. सेंटरला गोळीचं नाव सांगा आणि निर्णय रेडिओलॉजिस्टवर सोडा. मूत्रपिंड खरोखर खूप बिघडलेलं असेल किंवा गरोदरपण असेल तर गॅडोलिनियम शक्यतो टाळतात.

दीड टेस्ला की तीन टेस्ला? जाहिरातीत तीनचा डंका असतो आणि दरही चढा. वर सांगितलेल्या बहुतेक कामांसाठी दीड टेस्लाचं चांगलं मशीन आणि ते वाचणारा चांगला रेडिओलॉजिस्ट पुरतो. दोहोंपैकी एकच परवडत असेल तर रेडिओलॉजिस्ट निवडावा.

चिठ्ठीवर ‘स्पेक्ट्रोस्कोपी’ किंवा ‘एमआरएस’ असेल तर दोन-तीन हजार वाढतात. यात मेंदूतल्या रसायनांची मोजदाद होते : चेतापेशींचं एनएए घटतं, कोलिन आणि मायो-इनोसिटॉल वाढतं. गाठ टॉक्सोप्लाझ्माची, क्षयाची की लिम्फोमाची, असा पेच पडला की याचा उपयोग होतो. विसरभोळेपणाचं मूळ शोधायला मात्र ते अजून तरी संशोधनाचं साधन आहे. तंतूंचे मार्ग रेखाटणारं डीटीआय आणि फंक्शनल एमआरआयही त्याच रांगेतले. पेट स्कॅन खर्चिक, बहुधा दहा हजारांच्या पुढे. लिम्फोमाची गाठ साखर भराभर खाते आणि टॉक्सोप्लाझ्माची खात नाही, हा फरक दाखवायला कधीतरी तो लागतो. पहिल्याच भेटीत कुणी पेट लिहून दिला तर कारण विचारायला हरकत नाही.

प्रत्यक्ष आकडे

पुण्या-मुंबईच्या खासगी सेंटरमध्ये मेंदूचा प्लेन एमआरआय साधारण ४ ते ८ हजारांत होतो, बड्या कॉर्पोरेट रुग्णालयात १० हजारांच्याही पुढे. कॉन्ट्रास्टचे वर २ ते ४ हजार. रुग्ण हलतो म्हणून झोपेचं इंजेक्शन किंवा भूल द्यावी लागली तर भूलतज्ज्ञाचे पैसे वेगळे. फोन करताना ‘एमआरआय कितीला?’ एवढंच विचारू नका. असं विचारा : ‘ब्रेन, प्लेन अधिक कॉन्ट्रास्ट, औषध-सुईसकट, फिल्म-सीडी आणि लेखी रिपोर्टसकट, सगळे मिळून किती? भूल लागली तर किती वाढतील?’ समोरचा आकडा अडखळत सांगू लागला तर दुसऱ्या सेंटरचा नंबर फिरवा. एमआरआय ही आरोग्यसेवा असल्याने त्यावर जीएसटी नाही. बिलात तपासणीवर तो लावलेला दिसला तर काढून घ्या.

चिठ्ठीवर एकाच सेंटरचं नाव छापलेलं असेल, तर तिथेच जायचं बंधन तुमच्यावर नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले, यांनी २०१३ साली रुग्ण तपासणीला पाठवल्याबद्दल एका सेंटरकडून आलेला १,२०० रुपयांचा धनादेश परत करून थेट महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली होती. अशा कमिशनच्या, म्हणजे कट प्रॅक्टिसच्या, विरोधातल्या कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये तयार झाला, तो मसुदाच राहिला. तेव्हा ‘चिठ्ठी आहे, सेंटर आम्ही ठरवणार, स्वतः पैसे भरणाऱ्याला काय दर?’ हे वाक्य पाठ करून ठेवा. दर तिथल्या तिथे उतरलेले मी पाहिले आहेत.

सरकारी रुग्णालयात किती लागतील, हे ते रुग्णालय कोणत्या खात्याचं आहे यावर ठरतं, आणि हे फार कमी जणांना ठाऊक असतं. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयं राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची. तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. अडचण एवढीच की एमआरआय मशीन सगळीकडे नाही. ससून, जे. जे. यांसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची, तर केईएम, सायन, नायर महापालिकेची. तिथे शुल्क भरावं लागतं, पण ते खासगीच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. खरी किंमत रांगेत मोजावी लागते. तातडी नसलेल्या रुग्णाला काही आठवड्यांनंतरची तारीख मिळू शकते. तारीख लांबची असेल तर एआरटी सेंटरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून ‘अर्जंट’ असं कारणासह लिहून आणा. त्या कागदाने तारीख अलीकडे येते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून नुसता बाह्यरुग्ण एमआरआय होत नाही. योजनेत बसणाऱ्या आजारासाठी भरती झालेल्या रुग्णाच्या तपासण्या त्या उपचाराच्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात. मेंदूज्वराचा रुग्ण अंगीकृत रुग्णालयात दाखल आहे आणि ‘एमआरआयचे पैसे बाहेर भरून या’ असं कुणी सांगत असेल, तर त्याच इमारतीत बसणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. तहसीलदाराचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं, बिलिंगच्या खिडकीला नव्हे.

सिंधुदुर्गातली मंडळी सवयीने गोव्यात बांबोळीला जातात. तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजने २०१८ पासून राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं आहे, त्यामुळे निघण्याआधी चौकशी केलेली बरी. प्रवासखर्चाबद्दल आणखी एक : एआरटी सेंटरला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या द्वितीय श्रेणीत निम्म्या भाड्याची सवलत मिळते.

आरोग्य विमा असेल तर एक कलम वाचून ठेवा : ‘इन्व्हेस्टिगेशन अँड इव्हॅल्युएशन’, संकेतांक ‘Excl04’. केवळ तपासणीसाठी भरती झालात तर या कलमावर बोट ठेवून दावा फेटाळला जातो. पण एमआरआयनंतर त्याच आजारासाठी भरती व्हावं लागलं, तर भरतीपूर्व ठरावीक दिवसांतला, सहसा तीस किंवा साठ, खर्च मिळू शकतो. मूळ बिल आणि चिठ्ठी फेकू नका.

‘किट’चे पैसे आणि खिडकीवरचा आवाज

काही ठिकाणी एचआयव्हीचं नाव ऐकताच ‘स्पेशल किट’ म्हणून बिलात पाचशे-हजार चढतात, किंवा ‘शेवटचा नंबर, संध्याकाळी या’ असं सांगतात. एमआरआयमध्ये रक्ताचा संबंध येतो तो फक्त कॉन्ट्रास्टच्या सुईपुरता, आणि हातमोजे व सुई नष्ट करायची काळजी प्रत्येकच रुग्णासाठी घ्यायची असते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आरोग्यसेवेत असा भेदभाव बेकायदा ठरवला आहे. वीस किंवा अधिक माणसं काम करणाऱ्या आरोग्यसंस्थेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. ‘तुमचा तक्रार अधिकारी कोण?’ एवढं शांतपणे विचारलं की किटचे पैसे बहुधा गळतात. नाही गळले तर बिलावर त्याची स्वतंत्र ओळ लिहून मागा आणि १०९७ या मोफत क्रमांकावर पुढची वाट विचारा. याच कायद्याच्या कलम १४ मध्ये एचआयव्हीसंबंधीच्या तपासण्या आणि संधिसाधू संसर्गांचे उपचार ‘शक्य तितके’ पुरवायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ‘शक्य तितके’ हा शब्द सैल आहे खरा, तरी रांगेत मागे टाकलेल्या रुग्णाच्या अर्जात तो उपयोगी पडतो.

गुपिताबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. खिडकीवरच्या मुलीला तुमची स्थिती कळायची गरज नाही आणि ती सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही. चित्र वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला मात्र ती आणि सीडी-४ चा आकडा दोन्ही कळायला हवेत. कडं असलेली तीच गाठ निरोगी माणसात क्षयाची किंवा फितीकृमीची वाटेल. सीडी-४ साठ असलेल्या माणसात टॉक्सोप्लाझ्मा आणि लिम्फोमा आधी आठवायला हवेत. डॉक्टरांकडून बंद पाकिटात दोन ओळी लिहून घ्या आणि ते पाकीट आत रेडिओलॉजिस्टच्याच हातात द्या.

रिपोर्ट आल्यावर

शेवटचा ‘इम्प्रेशन’चा परिच्छेद आधी वाचला जातो आणि झोप उडते ती ‘फ्यू नॉनस्पेसिफिक टी-टू हायपरइंटेन्सिटीज’ या शब्दांनी. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू असलेल्या पन्नाशीच्या पुढच्या कुणाच्याही मेंदूत असे ठिपके सापडतात. त्यावर महागडी ‘मेंदूची टॉनिकं’ कुणी लिहून दिली तर विकत घेऊ नका.

फिल्मपेक्षा सीडी महत्त्वाची. दुसरं मत घ्यायला तीच लागते, आणि ती असली की पुन्हा एमआरआय काढायचा आग्रह कमी होतो. टॉक्सोप्लाझ्माचे उपचार सुरू झाले तर साधारण दोन आठवड्यांनी गाठी आटल्या का हे बघायला दुसरं चित्र काढतात. नाही आटल्या तर लिम्फोमाचा विचार सुरू होतो. म्हणजे पहिल्या दिवशीच दोन एमआरआयची तजवीज मनात धरावी. दुसरा शक्यतो त्याच सेंटरमध्ये काढा, म्हणजे तुलना नीट होते, आणि ‘फॉलोअपला दर कमी कराल का?’ हे पहिले पैसे भरतानाच विचारून घ्या. एआरटी नव्याने सुरू केल्यावर काही आठवड्यांत डोकेदुखी किंवा फिट नव्याने उपटली तर सुधारलेली प्रतिकारशक्तीच जुन्या संसर्गावर तुटून पडलेली असू शकते. तेव्हाही पुन्हा चित्र लागेल. एआरटीच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आधी सेंटरला फोन.